सात जणींचा पगार

अरेकिपा, ८ मार्च २००४

प्रिय कासिल्दा आत्या,

घाईत लिहितेय. सिकुआनीची बस सुटायला तासभरच आहे आणि ड्रायव्हर ओळखीचा आहे, म्हणजे पत्र उद्या दुपारपर्यंत तुझ्या हातात.

शुक्रवारी माझी पहिली मुलाखत झाली. सांता ओदिलिया म्हणून इथे एक खाजगी दवाखाना आहे. फरशी अशी चकचकीत की पाय ठेवायला संकोच वाटतो. अर्ज दोन पानी होता. शिक्षण, गुण, कुठे कुठे शिकाऊ म्हणून काम केलं, सगळं भराभर लिहिलं. शेवटी एक रकाना होता, 'अपेक्षित पगार', आणि तिथे पेन अडलं ते अडलंच. पाच वर्षं विद्यापीठात काढली, आत्या. भाजलेल्या माणसाला सलाईन किती द्यायचं हे झोपेतसुद्धा सांगेन. पण आपल्या कामाचे किती मागायचे हे पाच वर्षांत एका तासालाही कुणी शिकवलं नाही.

बाबांनी तर भट्टीवर पाव घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवलंय, पोरगी पहिल्याच महिन्यात अडीच हजार सोल आणणार. मी भीतभीत अठराशे लिहिले.

तिथले व्यवस्थापक पास्त्राना साहेब. त्यांनी वाचलं आणि हसले. तेही अगदी मनापासून, म्हणून जास्त लागलं. म्हणाले, "अहो सिस्टर, अठराशेत मी तुमच्यासारख्या तिघी ठेवतो, आणि तिघी वर आभार मानतात." मग कोरा अर्ज पुढे सरकवला. महिनाअखेरीस विचार करून पुन्हा भरून आणा म्हणाले.

तू सदतीस वर्षं रुग्णांत काढलीस. घराण्यात तूच एकटी हे जाणतेस. किती लिहू? तू पहिल्यांदा किती मागितले होतेस?

तुझी,
एदिल्मा


सिकुआनी, १५ मार्च

एदिल्मा पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा चष्म्याशिवाय, एकदा चष्मा लावून. दोन्ही वेळा त्या पास्त्रानाला चार शब्द सुनवावेसे वाटले.

पण राग बाजूला ठेव आणि ऐक. तुझा बाप सांगतो तो आकडा त्याने स्वप्नातून आणलाय. तो साधा गृहस्थ आहे. पोरीच्या नावापुढे पदवी लागली की पैसे आपोआप येतात असं त्याला वाटतं. तुझा अठराशेचा आकडा तू कुठून आणलास? मैत्रिणींच्या गप्पांतून, होय ना? आणि पास्त्रानाचा आकडा त्याच्या खिशातून येतो. तिघांपैकी खरा कुणाचाच नाही.

पगार मालकाला कधी विचारू नये. ड्युटी संपवून दमून बाहेर पडणाऱ्या बाईला विचारावा. सकाळी रात्रपाळी सुटते तेव्हा त्या दवाखान्याच्या फाटकाशी जाऊन उभी राहा. कोपऱ्यावरच्या गाडीवरून गरम काढ्याचे दोन पेले घे, एक तुला, एक तिला. पेला हातात आला की माणूस खरं बोलतं. आणि नुसतं 'किती' एवढंच विचारून येऊ नकोस. किती महिने मिळतो, कुठल्या कामाच्या नावाने मिळतो, आजारी पडलं तर काय, बाळंतपणाला काय, सणावाराला बोलावलं तर काय, हे सगळं विचार. एका दवाखान्यावर थांबू नकोस, तीन ठिकाणी जा. सरकारी इस्पितळातही जा.

माझ्या पहिल्या पगाराचं काय विचारतेस? तो जमानाच वेगळा होता. नोटासुद्धा वेगळ्या होत्या, आता त्यांत चणेही कुणी बांधून देणार नाही.

सोबत पाव आहेत, तुझ्या बापाने दिलेत. वरचा थोडा करपलाय. तुझ्या नोकरीचं कुणाला तरी सांगत बसला असणार.

आत्या कासिल्दा


अरेकिपा, २९ मार्च

प्रिय आत्या,

चार सकाळी फाटकांवर काढल्या. काढेवाली बाई आता मला बघून दोन पेले न सांगताच भरते.

पहिल्या दिवशी सांता ओदिलियातून एक सिस्टर बाहेर आली, वय चाळिशीचं असेल. तिला विचारलं तर आधी इकडेतिकडे बघितलं. मग म्हणाली, "आठ वर्षं झाली मला इथे. साडेआठशे. नव्या मुलींना सहाशे, पण पहिले तीन महिने परीक्षेचे, त्यांत चारशेच. रजा नाही, विमा नाही. दर महिन्याला आपणच पावती फाडून द्यायची, जणू आपण बाहेरून आलेली सुतारीण." मी विचारलं, मग सोडत का नाही? तर म्हणाली, "संध्याकाळी मी दुसऱ्या दवाखान्यात असते ना! सोडायला वेळ कुठे आहे?" आणि स्वतःच हसली.

सरकारी इस्पितळाबाहेर एक भेटली. कंत्राटावर अकराशे घेते, कंत्राट दर तीन महिन्यांनी नवं. कायम झालेल्यांना पंधराशेच्या आसपास, पण ती जागा मिळेपर्यंत केस पांढरे होतात. तिसरीने खेड्यातलं सरकारी वर्ष करून ये असं सांगितलं. पुढे सरकारी नोकरी हवी तर ते करावंच लागतं, आणि गाव जितकं लांब आणि उंच तितके जास्त पैसे. तिला तेव्हा तेराशेच्या वर मिळायचे. "पण पोरी," ती म्हणाली, "थंडी अशी की थर्मामीटरसुद्धा खिशात घेऊन झोपायचं."

त्या बायकांनी मला काही देणं नव्हतं, आत्या. रात्रभर उभं राहून आलेल्या, तरी थांबून सगळं सांगितलं. त्यांचे उपकार कसे फेडू कळत नाही.

पण हिंडून माझा धीरच खचला. अठराशे कुठे, चारशे कुठे! खोलीचं भाडंच एकशेवीस. वर्गातल्या दोघींनी सांता ओदिलियात होकार दिलाय. उद्या मला अर्ज द्यायचाय. वाटतंय, त्या रकान्यात 'आपण ठरवाल ते' असं लिहून टाकावं. निदान नम्र तरी दिसेन. आणि अनुभव तर मिळेल.

एदिल्मा


सिकुआनी, ४ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

पोरी,

हे पत्र तुला उशिरा मिळणार, अर्ज तू देऊनही टाकला असशील. तरी लिहिते. न लिहिता झोप येणार नाही.

'आपण ठरवाल ते' हे मी म्हटलं होतं. पासष्ट साली, वीस वर्षांची असताना. नन्सकडे दीड वर्षाचं शिक्षण घेतलं आणि वर डोंगरातल्या एका खाणीच्या इस्पितळात गेले. ती खाण आता बंद आहे, इस्पितळाचं छप्परही लोकांनी उचलून नेलंय. तिथल्या डॉक्टरने विचारलं, काय अपेक्षा आहे? मी मान खाली घातली आणि म्हटलं, साहेबांच्या मनाला येईल ते. मला वाटलं, किती शालीन उत्तर दिलं!

त्याने मला धुलाईखात्यात लिहिलं. म्हणजे चादरी धुणाऱ्या बायांच्या वहीत. चादरी मी एक दिवसही धुतल्या नाहीत. इंजेक्शनं दिली, खाणीत तुटलेल्या हातापायांच्या पट्ट्या बदलल्या, मरणाऱ्यांचे हात धरून बसले. नऊ वर्षं. पगार आठवड्याला एकशेऐंशी, चादरी धुणारीचा. सही त्याच वहीत. माझ्या शेजारी कामाला असलेली, माझ्याएवढंच शिकलेली मुलगी दुप्पट घ्यायची. ती मागून आली होती, पण तिने आकडा सांगितला होता.

पहिल्याच महिन्यात मला कळलं. बोलले नाही. आधी वाटलं पुढच्या महिन्यात बोलू, मग वाटलं आता बोलले तर लोक म्हणतील इतके दिवस काय झोपली होती? घरी तर सगळ्यांना सांगितलेलं, कासिल्दा इस्पितळात सिस्टर आहे. तुझा बाप तेव्हा दहा वर्षांचा होता. मला टोपी घालून दाखव म्हणायचा. त्याला अजूनही ठाऊक नाही. पुढे सरकारी आरोग्यकेंद्रात लागले तेव्हा ती नऊ वर्षं कुठे धरली गेली नाहीत, कारण कागदावर मी धोबीण.

चादरी धुणाऱ्या बाया चांगल्या होत्या, मला त्यांच्यात काही कमी वाटलं नाही. लाज वाटते ती एकाच गोष्टीची. कुणी माझं तोंड बंद केलं नव्हतं.

आकडा लिही. तुझ्या चार सकाळींनी जो शिकवला तो लिही. नाही म्हणाला तर नाही म्हणू दे. त्याचं 'नाही' तुझ्या 'काहीही चालेल' पेक्षा स्वस्त पडेल.

आत्या


वायचापाता, २० जून

प्रिय आत्या,

तुझं पत्र मला पास्त्राना साहेबांकडे जायच्या सकाळी मिळालं. मुलाखत त्यांनीच आठवड्याने पुढे ढकलली होती, देवाची कृपा. फाटकावर उभी राहून वाचलं. मग आत गेले आणि रकान्यात अकराशे लिहिले, पुढे 'विम्यासह'. साहेब या वेळी हसले नाहीत. म्हणाले, "कळवतो." कळवलं नाही. मला वाईट वाटलं नाही, हेच आश्चर्य.

पुढचं बाबांनी सांगितलंच असेल. सरकारी वर्षासाठी नाव दिलं. मोठ्या सभागृहात पिंजऱ्यातून चिठ्ठ्या काढत होते, माझ्या हाताला आलं वायचापाता. वाचून शेजारची मुलगी म्हणाली, "अगं बाई!" पगार तेराशेवीस. कागदावर 'परिचारिका' असं लिहिलंय, मी तीनदा बघून घेतलं.

केंद्र म्हणजे दोन खोल्या आणि पत्र्याचं छप्पर. सूर्य मावळला की घागरीत बर्फ धरतो. आजूबाजूला लोकरीचे अल्पाका, आणि माणसांपेक्षा तेच जास्त चौकशी करतात, खिडकीतून तोंड घालून बघतात. अडतीस घरं आहेत. आधी माझ्याशी कुणी बोलेना, मग एका म्हातारीच्या पायाची जखम भरली आणि सगळे बोलायला लागले. शाळेतले मास्तर रोमुलो यांनी मेणबत्त्या दिल्या. रोमुलो मास्तरांकडे रेडिओ आहे, बातम्या सांगतात. परवा सूप पण पाठवलं.

मी मजेत आहे. पगाराचं सगळं सुरळीत आहे, काळजी करू नकोस. फोन इथे नाही, दुधाचा ट्रक आठवड्यातून एकदा येतो, त्याच्याकडे पत्र देते. तुझ्या त्या पत्राबद्दल आभार कसे मानू? तुला ते लिहिताना काय झालं असेल याचा मी रोज विचार करते.

एदिल्मा


सिकुआनी, ११ जुलै

एदिल्मा,

तुझ्या एका पत्रात रोमुलो हे नाव दोनदा आलंय आणि शिवाय सूप. मी म्हातारी झाले असेन, आंधळी झालेली नाही.

ट्रकवाला सेनोबियो भट्टीवर पाव घ्यायला थांबला होता. त्याला विचारलं, पोरगी कशी आहे? म्हणाला, "बरी आहे, पण वाळलीये. पोलेरा घागरा घालते तर कमरेला दोरी बांधते." प्रेमात पडलेली मुलगी वाळते हे मला ठाऊक आहे. माझ्या वेळी मीही वाळले होते, तो माणूस पुढे ट्रॅक्टरच्या दुकानदाराच्या मुलीबरोबर गेला. मास्तराचं लग्न झालंय का, बायको कुठे खाली शहरात ठेवलीये का, हे आधी विचार. आणि पगार त्याच्या हाती देऊ नकोस, कितीही गोड बोलला तरी.

वाळवलेले बटाटे, सुकं मांस, साखर आणि किन्वाचे दाणे पाठवतेय. घरात उरलं होतं म्हणून. लोकरीच्या मोज्यांची जोडीही आहे.

आत्या


वायचापाता, २४ ऑगस्ट

आत्या,

तुझं पत्र वाचून हसून हसून पोट दुखलं, मग रडू आलं. रोमुलो मास्तर एकसष्ट वर्षांचे आहेत. त्यांना चार नातवंडं आहेत आणि दातही चारच. त्यांनी सूप पाठवलं कारण माझ्याकडे खायला नव्हतं.

खरं सांगते. जूनपासून एक पैसा आलेला नाही. आधी वाटलं नव्या लोकांना उशीर होतो, मग वाटलं तुला सांगितलं तर तू म्हणशील, बघ, मोठा आकडा मागितला आणि हाती काय? तू मला एवढं मन उघडं करून लिहिलंस आणि मी तुझ्याशीच खोटं बोलले. माफ कर.

उपाशी मात्र एक दिवस राहिले नाही. गावाने न सांगता पाळी लावलीये. रोज एका घरातून काहीतरी येतं, कधी बटाटे, कधी चीज, कधी नुसता गरम दगड अंथरुणात ठेवायला. मी एकदा गावचे मुख्य तोरिबियो यांना म्हटलं की हे मला घेता येणार नाही, मला सरकार देतं. ते म्हणाले, "सरकार विसरत असेल, सिस्टर. आम्ही जेवायला बसतो तेव्हा आठवण होतेच." तुझी पिशवी आली त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांना जेवायला घातलं.

मास्तरांच्या रेडिओवरून कळलं, या डोंगरातल्या सगळ्याच नव्या सिस्टरांची हीच गत आहे, सात जणींची. दोघी काम सोडायच्या बेतात आहेत. कुणीतरी आरोग्यखात्याच्या कचेरीत जाऊन बसल्याशिवाय हलणार नाही. मी निघाले असते, पण गावातल्या बासिलियाला दिवस भरत आलेत आणि बाळ आडवं वाटतंय. ट्रक आठवड्यातून एकदा. मी खाली गेले आणि तिला कळा सुटल्या तर?

आत्या, तू जाशील का? सोबत अधिकारपत्र आहे, मुख्यांचा शिक्काही. मला ठाऊक आहे मी कुणाकडे काय मागतेय. नाही म्हणालीस तरी माझं तुझ्यावरचं प्रेम तेवढंच राहील.

एदिल्मा


सिकुआनी, ९ सप्टेंबर

पोरी,

गेले होते. परवा, मंगळवारी.

पहाटेची बस धरली. काळी टोपी, चांगली शाल, पिशवीत उकडलेली कणसं आणि चीज. बसमध्ये सारखं वाटत होतं की उतरून परत फिरावं. सदतीस वर्षांत मी कुठल्या खिडकीपाशी उभी राहून "माझे पैसे" असं म्हटलेलं नाही. बाईगं, आणि आता एकोणसाठाव्या वर्षी ते करायला निघाले.

खिडकीत एक तरुण होता. मी कागद दिला. त्याने न बघताच सांगितलं, "साहेबांची बदली झालीये. पुढच्या महिन्यात या."

मी म्हटलं, "मी आता आलेय."

"तुम्ही सिस्टर एदिल्माच्या कोण?"

"आत्या."

"आत्यांना पगार देत नाही आम्ही."

मागचे दोघे हसले. आणि पोरी, काय झालं मला कळलं नाही, मी खिडकीच्या आणखी जवळ सरकले. मी म्हटलं, "बाळा, पगार माझा नाही. माझा मागायला मी कधी आलेच नाही, म्हणून मला इथल्या रीती माहीत नाहीत. तू सांगशील तिथे बसते. पण परत जाणार नाही." आणि बाकावर बसले. दहा वाजले, अकरा वाजले. साडेअकराला मी कणसं काढली, आणि एकटीने खाणं बरं दिसत नाही म्हणून एक त्यालाही दिलं. कणीस खाताखाता तो उठला आणि कपाटातून गठ्ठा घेऊन आला. सात फायली, एकाच दोरीने बांधलेल्या. जूनपासून तशाच. कुणी पैसे खाल्ले नव्हते, कुणाच्या मनात वाईटही नव्हतं. जुने साहेब गेले, नव्यांनी सह्या करायच्या राहिल्या, आणि कुणी विचारायला आलं नाही.

"नवे साहेब कुठे आहेत?"

"जेवायला."

"कुठे?"

सांगायला नको होतं त्याने, पण कणीस त्याच्या तोंडात होतं.

कोपऱ्यावरच्या खानावळीत साहेब सूप पीत होते. मी दाराशी उभी राहिले. गरम सूप कुणाला थंड करायला लावणं पाप आहे, संपू दिलं. मग पुढे गेले, नाव सांगितलं, मागे तो तरुण फायली घेऊन धापा टाकत आलाच होता. साहेब तसे बरे वाटले. म्हणाले, "बाई, तुमच्या भाचीचं आत्ता करतो. बाकीच्यांचं कचेरीत बघू."

मी म्हटलं, "साहेब, एक काढलीत तर बाकी सहा पुन्हा बांधाव्या लागतील. त्यापेक्षा दोरीच टाकून देऊ या."

"त्या सहाजणी तुमच्या कोण?"

"अजून कुणी नाहीत," मी म्हटलं. "पण त्याही वर थंडीत बसल्यात."

त्याने तिथेच, त्या टेबलावर, सातही सह्या केल्या. एका कागदावर मिरचीच्या चटणीचा डाग पडलाय, कुणाचा असेल तिला सांग की चालतो, मी विचारून घेतलंय. शुक्रवारपर्यंत पैसे सुटतील म्हणाले. मी शुक्रवारी पुन्हा जाणार आहे, तेही त्यांना सांगून आले.

येताना बसमध्ये मला एकदम हसू फुटलं. शेजारच्या बाईने जागा बदलली.

बासिलियाचं काय झालं ते कळव. आणि रोमुलो मास्तरांची माफी माग माझ्या वतीने. दात किती ते मी विचारलं नव्हतं.

आत्या


वायचापाता, ३० सप्टेंबर

माझ्या लाडक्या आत्या,

पैसे आले. सातही जणींचे, चारही महिन्यांचे. दुधाच्या ट्रकवरून सेनोबियो ओरडतच आला, "सिस्टर, खात्याला जाग आली!"

बासिलियाला मंगळवारीच कळा लागल्या, तू बाकावर बसली होतीस त्याच वेळी. बाळ पायाकडून आलं. तोरिबियोंनी कंदील धरला, तिच्या सासूने तिला पाठीमागून आवळून धरलं, आणि मी सहा तास गुडघ्यांवर होते. मुलगा आहे. पहिल्यांदा रडला नाही, मग इतका रडला की अल्पाका पळाले. पंचांगात त्या दिवशीच्या संताचं नाव बघून तेच ठेवायची इथे रीत आहे, आई म्हणाली ते नाव फार वाईट आहे, म्हणून दुसऱ्या दिवशीचं घेतलं. त्या दिवशी मी खाली कचेरीत असते तर? तू तिथे गेलीस म्हणून मी इथे राहू शकले. बासिलियाला मी हे सांगितलं. तिने घरातून लोकर आणून दिली, तुझ्यासाठी. सोबत आहे.

बाकीच्या सहाजणींचीही पत्रं आहेत, दोरी सुटायला नको म्हणून एकत्र बांधलीत. योवाना सोडून जाणार होती, ती थांबलीये. चटणीचा डाग तिच्याच कागदावर होता.

पहिल्या पगारात मी काय केलं विचारशील. गावाला जेवण घातलं. दोन मेंढ्या, आणि खालून आणलेला भात, जो इथे सणालाच होतो. तोरिबियो म्हणाले, हे परतफेड म्हणून असेल तर आम्ही येत नाही. मी म्हटलं, परतफेड नाही, भूक लागलीये. मग आले.

पुढचंही ठरवलंय. वर्ष संपलं की खालच्या सरकारी इस्पितळात अर्ज करणार. विचारून घेतलंय, कंत्राटावर साडेदहाशे देतात, म्हणजे इथल्यापेक्षा कमीच. तरी जाणार, कारण विमा आहे, शिकायला मोठे वॉर्ड आहेत, आणि कमी का आहे ते मला ठाऊक आहे. डोळे उघडे ठेवून घेतलेलं कमी वेगळं असतं, नाही का?

आत्या, तुझ्या नऊ वर्षांचं काही करता येणार नाही का? मी बरोबर येईन. कितीही दिवस बाकावर बसेन.

कृतज्ञ,
एदिल्मा


सिकुआनी, २८ नोव्हेंबर

प्रिय एदिल्मा,

उत्तराला उशीर झाला, कारण सहा पत्रांना सहा उत्तरं लिहायची होती आणि माझं अक्षर तुला ठाऊक आहे.

नऊ वर्षांचं राहू दे. खाणीबरोबर वह्याही गेल्या. मी चौकशी केली, होय, मी स्वतः गेले होते, आता मला कचेऱ्यांची भीती नाही. तिथल्या बाईने सगळं ऐकून घेतलं आणि काही होण्यासारखं नाही असं नीट समजावून सांगितलं. मी तिचे आभार मानून आले. जे गेलं त्यावर रोज बसून राहिले तर आहे ते कधी खाऊ?

तुझ्या बापाला मात्र सांगितलं. भट्टीपाशी, तो पाव काढत असताना. धुलाईखात्यापासून सगळं. त्याने फावडं पुन्हा भट्टीत घातलं. मग एक पाव काढला, फुंकर मारली, माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, "पण टोपी तर तुला छान दिसायची." बस. एवढंच. मला वाटलं होतं रडेल की रागावेल, आणि पाव इतका चांगला झाला होता की मीच रडले. आता तो बाजारात सांगत फिरतो की माझ्या बहिणीने सरकारला सूप पिताना पकडलं.

आणखी एक. त्या योवानाने आपल्या जुन्या बाईंना माझ्याबद्दल लिहिलं. नर्सिंगच्या शाळेतून निरोप आला की शेवटच्या वर्षाच्या मुलींशी येऊन बोला. मी म्हटलं, मी काय बोलणार, मी सहायक होते, तुमच्या मुली पदवीच्या. त्या म्हणाल्या, पगाराबद्दल बोला, ते आमच्याकडे कुणीच बोलत नाही.

गेल्या गुरुवारी गेले. चाळीस मुली. खडू हातात घेतला तर फळ्यावर लिहायला उंची पुरेना, एकीने खुर्ची आणली. मी तुझे आकडे लिहिले, नाव न सांगता. खाजगी किती, कंत्राटी किती, खेड्यात किती, आणि प्रत्येकापुढे, उशीर झाला तर कुणाकडे जायचं. एकीने विचारलं, मग आम्ही पाच वर्षं कशासाठी शिकतोय? मी तिला गोड काही सांगितलं नाही. म्हटलं, बाई, हे आकडे कमी आहेत, ते बरोबर आहेत असं मी म्हणत नाहीये. पण खरे आहेत. खऱ्यावर उभं राहून जास्त मागता येतं, स्वप्नावर उभं राहून नुसतं पडता येतं. मग मुली एकदम बोलायला लागल्या, कुणाची बहीण कुठे काय घेते, कुणाला कुणी काय सांगितलं, तास संपला तरी उठेनात.

बाहेर पडताना एक मुलगी मागे धावत आली. बारीकशी, कानात लाल खडे. सोमवारी तिची मुलाखत होती कुठल्याशा दवाखान्यात. बसच्या थांब्यापर्यंत माझी पिशवी घेऊन आली आणि सगळा रस्ता हळू आवाजात तोच आकडा म्हणत होती, सवय व्हावी म्हणून. पहिल्या कोपऱ्यावर तिचा आवाज अडखळत होता. औषधाच्या दुकानापाशी जरा स्थिरावला. बस आली तेव्हा तिने तो इतका खणखणीत म्हटला की कंडक्टर म्हणाला, "नाही हो ताई, तिकीट दीड सोलच आहे."

मी खिडकीत बसून तिला हात केला. तिने परत केला नाही, तिचे ओठ हलत होते.

तुझी,
कासिल्दा आत्या